कंटेनरमधून होस्टवरच्या सर्व्हिसला जोडताना "कनेक्शन रिफ्यूज्ड": वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उबुंटू सर्व्हरवर (म्हणजे होस्टवर, ज्या मशीनवर कंटेनर चालतात) पोस्टग्रेस हा डेटाबेस थेट बसवलेला आहे, ॲप मात्र डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, चालतं, आणि ॲपला डेटाबेस काही सापडत नाही. या पानावरचे बहुतेक प्रश्न याच मांडणीभोवती आहेत, कारण रोज दिसणारी मांडणी हीच. पोस्टग्रेसच्या जागी मायएसक्यूएल, रेडिस (हेही डेटाबेस) किंवा ओलामा (एआय मॉडेल आपल्याच मशीनवर चालवणारा प्रोग्रॅम) असला तरी तपासायची पद्धत बदलत नाही. कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने आणि इंग्रजी आकड्यांनीच टाइप करायची.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं म्हणजे नेमकं काय झालं?

तुमचं पॅकेट कुठल्यातरी मशीनपर्यंत पोचलं आणि त्या मशीनने नकार कळवला. टीसीपीमध्ये जोडणीची सुरुवात "सिन" पॅकेटने होते. त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर ऐकणारं कोणीच नसेल तर समोरचा कर्नल "रीसेट" पाठवतो. लिनक्सवर हीच एरर १११ क्रमांकाने दिसते, आणि नोड.जेएसच्या लॉगमध्ये "ईकॉनरिफ्यूज्ड" म्हणून.

दार वाजवल्यावर आतून "तो इथे राहत नाही" असं उत्तर यावं, तसा हा प्रकार. उत्तर नकाराचं असलं तरी उत्तर आहे. म्हणून नेटवर्कच्या सगळ्या एररमध्ये मला ही त्यातल्या त्यात बरी वाटते. टाइमआउटमध्ये काहीच कळत नाही: पॅकेट वाटेत कोणी गिळलं, की रस्ताच चुकला? "नो रूट टू होस्ट" आलं तर बऱ्याचदा फायरवॉलने मनाई कळवलेली असते. "कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट" आलं तर गाडी होस्टच्या नावावरून आयपी पत्ता शोधण्यातच अडकली, पोर्टपर्यंत गेलीच नाही. हे चार प्रकार एकाच पिशवीत टाकून "नेटवर्क इश्यू आहे" म्हणत बसलं की दुपार जाते.

रिफ्यूज्ड आलं की दोनच गोष्टी शोधायच्या: नकार दिला कोणी, आणि सर्व्हिस कुठल्या पत्त्यावर ऐकतेय.

होस्टवर पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचा कमांड-लाइन क्लायंट) व्यवस्थित जोडतं. मग कंटेनरमधून लोकलहोस्ट:५४३२ (पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट) का नाही?

कारण कंटेनरचा लोकलहोस्ट म्हणजे कंटेनर स्वतः. प्रत्येक कंटेनरला स्वतःची नेटवर्क नेमस्पेस मिळते: स्वतःचे इंटरफेस, स्वतःचं राउटिंग टेबल आणि स्वतःचा लूपबॅक (स्वतःशीच बोलायचा पत्ता, १२७.०.०.१). आतून १२७.०.०.१ ला पाठवलेलं पॅकेट कंटेनरच्या बाहेर पडतच नाही. आत पोस्टग्रेस नाही, म्हणून कंटेनरच्याच कर्नल नेमस्पेसमधून तत्काळ नकार येतो. होस्टला याचा पत्ताही नसतो. होस्टवरचे पोस्टग्रेसचे लॉग कितीही चाळा, तिथे ओळसुद्धा सापडणार नाही.

एरर मेसेजमध्ये १२७.०.०.१ दिसतं, पण मी तर होस्ट बदलून दिला होता!

एररमध्ये छापलेला पत्ता आधी वाचा, हा सल्ला कंटाळा येईपर्यंत द्यावा लागतो. तिथे १२७.०.०.१ किंवा ::१ (त्याचंच आयपीव्ही६ रूप) असेल, तर तुमचं नवं सेटिंग ॲपपर्यंत पोचलेलंच नाही आणि ॲप आपल्या डिफॉल्टवर गेलंय.

नेहमीचा गुन्हेगार म्हणजे .एन्व्ह फाइल. कंपोजच्या (अनेक कंटेनर एका फाइलमधून चालवणारं डॉकरचं साधन) फाइलशेजारी .एन्व्ह ठेवली की त्यातल्या व्हॅल्यू कंपोज-फाइलमधल्या $ चिन्हवाल्या जागा भरायला वापरल्या जातात. त्या आपोआप कंटेनरच्या आत जात नाहीत. आत न्यायच्या तर "एन्व्हायर्नमेंट" किंवा "एन्व्ह_फाइल" लिहावं लागतं. शिवाय "डॉकर रीस्टार्ट" केल्याने नवे व्हेरिएबल लागू होत नाहीत, कंटेनर नव्याने बनवावा लागतो. "डॉकर कंपोज अप -डी" बदल ओळखून ते करतं. खात्री करायची तर ("ॲप"च्या जागी तुमच्या कंटेनरचं नाव):

डॉकर एक्झेक ॲप एन्व्ह

मग होस्टचा पत्ता काय लिहायचा?

होस्ट.डॉकर.इंटर्नल हे नाव वापरा. मॅक आणि विंडोजवरच्या डॉकर डेस्कटॉपमध्ये ते आयतं मिळतं. लिनक्सवरच्या साध्या डॉकर इंजिनमध्ये ते आपलं आपण जोडावं लागतं, आणि त्यासाठी २०.१० ही किंवा त्यापुढची आवृत्ती हवी:

डॉकर रन --ॲड-होस्ट=होस्ट.डॉकर.इंटर्नल:होस्ट-गेटवे …

कंपोजमध्ये सर्व्हिसच्या खाली:

एक्स्ट्रा_होस्ट्स:
  - "होस्ट.डॉकर.इंटर्नल:होस्ट-गेटवे"

"होस्ट-गेटवे" हा शब्द जसाच्या तसा लिहायचा. त्याच्या जागी डॉकर होस्टचा पत्ता भरतं. साधारणपणे हा पत्ता डॉकर० या ब्रिजचा (कंटेनर आणि होस्टला जोडणाऱ्या आभासी नेटवर्क इंटरफेसचा), म्हणजे १७२.१७.०.१ असतो.

मग थेट १७२.१७.०.१ का लिहू नये? चालतं, पण ऑफिसच्या व्हीपीएनची रेंज त्याच पट्ट्यात असली की कोणीतरी डेमन.जेसन या डॉकरच्या सेटिंग-फाइलमध्ये "बीआयपी" (ब्रिजचा पत्ता) बदलतं आणि तुमचा कोड अचानक पोरका होतो.

होस्ट.डॉकर.इंटर्नल टाकलं, नावही सापडतंय, तरी रिफ्यूज्डच. आता?

आता नकार खरोखर होस्टकडून येतोय, म्हणजे अर्धं काम झालं. दुसरा प्रश्न उरला: सर्व्हिस कुठे ऐकतेय? होस्टवर हे चालवा:

सुडो एसएस -एलटीएनपी

"लोकल ॲड्रेस" या रकान्यात ५४३२ ची ओळ शोधा.

१२७.०.०.१:५४३२ दिसलं तर सर्व्हिस फक्त होस्टच्या स्वतःच्या लूपबॅकवर ऐकतेय. कंटेनरचं पॅकेट १७२.१७.०.१ या पत्त्यावर येतं. त्या पत्त्यावर ५४३२ ला कोणीच बसलेलं नाही, म्हणून रीसेट. ०.०.०.०:५४३२ दिसलं तर सर्व आयपीव्ही४ पत्त्यांवर ऐकतेय. चौकटी कंसात ::१ दिसलं तर फक्त आयपीव्ही६ च्या लूपबॅकवर, आणि हा प्रकार फसवा असतो: ब्राउझरमध्ये "लोकलहोस्ट" उघडतं, पण १२७.०.०.१ टाकलं तर होस्टवरूनही नाही. नोड १७ पासून "लोकलहोस्ट"चा अर्थ लावताना सिस्टिम ज्या क्रमाने पत्ते देते तोच क्रम पाळला जातो, त्यामुळे "वीट" या जावास्क्रिप्ट साधनासारखे डेव्ह सर्व्हर काही मशीनवर फक्त ::१ वरच उभे राहतात.

आणि ५४३२ ची ओळच नसेल तर? सर्व्हिस बंद आहे, किंवा दुसऱ्याच पोर्टवर आहे. उबुंटूवर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या एकत्र असल्या की दुसरी सहसा ५४३३ वर जाते. अपग्रेडनंतरची ही जुनीच गंमत.

पोस्टग्रेसमध्ये नेमकं काय बदलायचं?

दोन फाइल्स, दोन वेगळी कामं. पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फमधलं "लिसन_ॲड्रेसेस" डिफॉल्टला "लोकलहोस्ट" असतं. ते असं करा:

लिसन_ॲड्रेसेस = 'लोकलहोस्ट,१७२.१७.०.१'

या बदलासाठी रीस्टार्ट लागतो. रीलोड केल्यावर एरर न देता काहीच होत नाही, आणि माणूस भलतीकडे शोधत राहतो.

दुसरी फाइल पीजी_एचबीए.कॉन्फ. कोणत्या पत्त्यावरून कोणाला आत घ्यायचं हे तिथे ठरतं:

होस्ट ॲपडीबी ॲपयूजर १७२.१६.०.०/१२ स्क्रॅम-शा-२५६

इथे १७२.१७ न लिहिता १७२.१६.०.०/१२ का? कंपोज प्रत्येक प्रोजेक्टला स्वतंत्र नेटवर्क देतं: १७२.१८, १७२.१९ असं पुढे. कंटेनर होस्टशी बोलताना पॅकेटवर कंटेनरचाच पत्ता राहतो, तो बदलला जात नाही. म्हणून पोस्टग्रेसला १७२.१८.०.३ दिसतं, १७२.१७ मधलं काही दिसत नाही. नेटवर्क खूप झाली तर डॉकर १९२.१६८ च्या पट्ट्यातही शिरतो. तेव्हा ओळ वाढवावी लागेल. या फाइलसाठी रीलोड पुरतो.

पहिली फाइल बरोबर आणि दुसरी राहिली असेल तर एरर बदलते: "नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री फॉर होस्ट". ही दिसली की हायसं वाटू द्या. नेटवर्कचा प्रश्न संपला, आता फक्त परवानगीचा उरला.

मायएसक्यूएल, रेडिस, ओलामा यांचं काय?

मायएसक्यूएल: डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमध्ये "बाइंड-ॲड्रेस" (सर्व्हिसने कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते सेटिंग) १२७.०.०.१ असतो. तो बदलल्यावर एरर ११३० आली, म्हणजे "होस्ट … इज नॉट अलाउड", तर तो युजर फक्त 'लोकलहोस्ट'साठी बनवलेला आहे. १७२ च्या पट्ट्यासाठी वेगळा युजर बनवा. आणखी एक: मायएसक्यूएलच्या क्लायंटला होस्ट म्हणून "लोकलहोस्ट" दिलं की तो टीसीपीकडे न जाता युनिक्स सॉकेट शोधतो. कंटेनरमध्ये "थ्रू सॉकेट" असलेली २००२ एरर येते ती त्यामुळे.

रेडिस: ३.२ पासून प्रोटेक्टेड मोड आहे. पासवर्ड न लावता "बाइंड" मोकळा केला तर जोडणी होते, पण "डिनाइड" असं लांबलचक उत्तर मिळतं. पासवर्ड लावा, प्रोटेक्टेड मोड बंद करायचा सल्ला कुठेही वाचलात तरी पाळू नका.

ओलामा: १२७.०.०.१:११४३४ वर ऐकतो. "सिस्टिमसीटीएल एडिट ओलामा" करून "ओलामा_होस्ट" हे व्हेरिएबल द्या. टर्मिनलमध्ये एक्स्पोर्ट करून उपयोग नाही, कारण सिस्टिमडीने (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) सुरू केलेल्या सर्व्हिसला तुमच्या शेलमधलं काही दिसत नाही.

जँगोचा (पायथनचं वेब फ्रेमवर्क) रनसर्व्हर: ०.०.०.०:८००० देऊन चालवा. त्यानंतर एचटीटीपीची ४०० एरर आली तर "अलाउड_होस्ट्स"मध्ये होस्ट.डॉकर.इंटर्नल घाला.

सरळ ०.०.०.० करून टाकलं तर? पटकन सुटतं.

सुटतं खरं. लॅपटॉपवर, घरच्या राउटरमागे, चालून जाईल. पब्लिक आयपी असलेल्या सर्व्हरवर नको. २०१७ च्या सुरुवातीला इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. त्यात कुलूप तोडण्याची करामत नव्हती. पोर्ट सगळ्या जगाला उघडा आणि पासवर्ड नाही, एवढंच पुरलं.

१७२.१७.०.१ वर बाइंड केलं की कंटेनरना सर्व्हिस मिळते आणि बाहेरच्या नेटवर्क कार्डावर ती ऐकतच नाही. फायरवॉल असलीच तर दुसरी भिंत म्हणून राहते.

सगळं नीट होतं. सर्व्हर रीबूट केल्यापासून परत रिफ्यूज्ड.

हा वरच्या उपायाचाच उलट वार. डॉकर० हा ब्रिज डॉकर सुरू झाल्यावर तयार होतो. बूट होताना पोस्टग्रेस आधी उठला तर १७२.१७.०.१ हा पत्ता मशीनवर अजून नसतोच. पोस्टग्रेस लॉगमध्ये इशारा लिहितो, लोकलहोस्टवर उभा राहतो आणि सर्व काही ठीक असल्यासारखा चालू लागतो. होस्टवरून पीएसक्यूएल चालतं, मॉनिटरिंग हिरवं असतं, कंटेनर तेवढे रडतात. "कॅननॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस" हे शब्द लॉगमध्ये शोधा.

उपाय दोन. सर्व्हिसच्या सिस्टिमडी युनिटला ड्रॉप-इन (जादा सेटिंगची छोटी फाइल) देऊन त्यात "आफ्टर=डॉकर.सर्व्हिस" लिहा, उबुंटूवर पोस्टग्रेसचं खरं युनिट @ चिन्हवालं असतं, ड्रॉप-इन त्यालाच द्यायचं. किंवा सिससीटीएलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) नेट.आयपीव्ही४.आयपी_नॉनलोकल_बाइंड = १ करा, म्हणजे पत्ता अस्तित्वात नसतानाही बाइंड होऊ दिलं जातं. मी पहिला निवडेन. दुसरा पूर्ण मशीनला लागू होतो आणि चुकीचे पत्तेही खपवून घेतो.

माझ्या मॅकवर हीच कंपोज-फाइल चालते. सर्व्हरवर का नाही?

डॉकर डेस्कटॉपमध्ये कंटेनर एका छोट्या लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतात. होस्ट.डॉकर.इंटर्नलकडे गेलेली जोडणी डेस्कटॉपचा प्रोग्रॅम मॅकवर आणून स्वतः पुढे जोडतो. तो मॅकवरचाच एक प्रोसेस, त्यामुळे १२७.०.०.१ वर ऐकणारी सर्व्हिसही त्याला सापडते. लिनक्स सर्व्हरवर असा मध्यस्थ नाही. पॅकेट खरोखर ब्रिजवरून येतं. "माझ्या मशीनवर तर चालतंय" या वाक्याला या बाबतीत खरंच तांत्रिक कारण आहे. वादात हे सांगून बघा.

मॅकवर ५००० पोर्ट वापरत असाल तर आणखी सावध: मॉन्टेरीपासून एअरप्ले रिसीव्हर त्या पोर्टवर बसतो. तिथे रिफ्यूज्ड येत नाही, तर भलत्याच सर्व्हिसचं ४०३ येतं.

ॲपच्या कंटेनरला "-पी ५४३२:५४३२" दिलं, तरी फरक नाही.

फरक पडणार नाही. "-पी" बाहेरून कंटेनरच्या आत येण्यासाठी आहे. तुम्हाला आतून बाहेर जायचंय, त्याला पोर्ट मॅप करावा लागत नाही. उलट होस्टवर पोस्टग्रेस आधीच ५४३२ धरून असेल तर "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" ही नवी डोकेदुखी मागे लागते. ती ओळ काढून टाका.

फायरवॉलमुळे होत असेल का?

रिफ्यूज्ड असेल तर बहुधा नाही. यूएफडब्ल्यूचं (उबुंटूवरची फायरवॉल) "डिनाय" पॅकेट गुपचूप टाकून देतं, म्हणजे टाइमआउट येतो. मात्र "रिजेक्ट" प्रकारचा नियम असेल तर फायरवॉलकडूनही रिफ्यूज्ड मिळू शकतं. एसएसमध्ये ०.०.०.० दिसतंय आणि तरीही नकार येतोय, अशा वेळी नियम तपासा.

बाइंड ॲड्रेस दुरुस्त केल्यावर रिफ्यूज्ड जाऊन टाइमआउट आला, हे मात्र नेहमी घडतं. इथे एक गैरसमज आड येतो. "डॉकर यूएफडब्ल्यूला जुमानत नाही" हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि ते पब्लिश केलेल्या पोर्टच्या बाबतीत खरं आहे: ती वाहतूक "फॉरवर्ड" साखळीतून जाते. कंटेनरकडून होस्टकडे येणारी वाहतूक "इनपुट" साखळीतून जाते, आणि तिथे यूएफडब्ल्यूचाच हुकूम चालतो. परवानगी द्या:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १७२.१६.०.०/१२ टू एनी पोर्ट ५४३२ प्रोटो टीसीपी

नियमात "इन ऑन डॉकर०" लिहिलंत तर कंपोजमधले कंटेनर अडकतील. त्यांची पॅकेट "बीआर-" ने सुरू होणाऱ्या दुसऱ्या ब्रिजवरून येतात, मग गंतव्य पत्ता १७२.१७.०.१ का असेना.

"--नेटवर्क होस्ट" वापरून सगळंच टाळता येईल ना?

लिनक्सवर, हो. कंटेनर होस्टचीच नेमस्पेस वापरतो आणि लोकलहोस्ट म्हणजे होस्ट होतो. बदल्यात "-पी" निरर्थक होतं, पोर्टची टक्कर होऊ शकते, आणि कंपोजमधल्या बाकीच्या कंटेनरना सर्व्हिसच्या नावाने हाक मारता येत नाही. एकटा-दुकटा कंटेनर असेल तर चांगला उपाय. पाच सर्व्हिसच्या कंपोजमध्ये एकीला असं केलं की उरलेल्या चारांचे पत्ते लिहीत बसावं लागतं.

इमेजमध्ये कर्ल, पिंग, काहीच नाही. तपासायचं कसं?

पिंग नसलं तर बिघडत नाही. पिंगला पोर्ट कळतच नाही. बॅश असेल तर त्याच्या आतूनच पोर्ट ठोठावता येतो:

बॅश -सी '</डेव्ह/टीसीपी/होस्ट.डॉकर.इंटर्नल/५४३२'

काहीच न बोलता संपलं तर जोडणी झाली. बॅशही नसेल तर हत्यारांनी भरलेला दुसरा कंटेनर त्याच नेमस्पेसमध्ये उभा करा: "डॉकर रन"ला "--नेटवर्क कंटेनर:ॲप" द्यायचं. नेटशूट नावाची इमेज याच कामासाठी लोकप्रिय आहे. मग आतून "एनसी -व्हीझेड" चालवा.

तरीही उलगडा होत नसेल तर होस्टवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम) लावा:

सुडो टीसीपीडंप -एनआय एनी पोर्ट ५४३२

सिन आला आणि लगेच फ्लॅगमध्ये "आर" दिसला, तर होस्टनेच नाकारलं. सिन येतोय आणि उत्तर नाही, तर फायरवॉल. काहीच दिसत नसेल तर पॅकेट होस्टपर्यंत आलंच नाही. ते बहुधा कंटेनरच्या लूपबॅकवरच घुटमळतंय.

ऑफिसच्या लॅपटॉपवर कंटेनरमधून कोणत्याही साइटला रिफ्यूज्ड येतं.

प्रॉक्सीचे व्हेरिएबल बघा. लॅपटॉपवर स्थानिक प्रॉक्सी १२७.०.०.१:३१२८ वर चालत असेल आणि तोच पत्ता होम फोल्डरमधल्या .डॉकर/कॉन्फिग.जेसनमध्ये असेल, तर डॉकर तो प्रत्येक नव्या कंटेनरमध्ये आणि बिल्डमध्येही भरतो. आत गेल्यावर १२७.०.०.१ चा अर्थ बदलतो, आणि आपण पहिल्या प्रश्नांपाशी परत येतो. तिथे होस्ट.डॉकर.इंटर्नल:३१२८ द्या. होस्टवरच्या सर्व्हिसची वाहतूक प्रॉक्सीकडे जाऊ नये म्हणून "नो_प्रॉक्सी"मध्येही ते नाव घाला.

पॉडमनमध्ये (डॉकरसारखंच कंटेनर चालवणारं दुसरं साधन) हेच करायचं तर?

नाव होस्ट.कंटेनर्स.इंटर्नल आहे. रूटलेस (म्हणजे रूट युजरशिवाय चालवलेल्या) पॉडमनमध्ये आवृत्ती पाहा: ५.० पासून डिफॉल्टला "पास्ता" हा नेटवर्क जोडून देणारा प्रोग्रॅम आला, आणि तो कंटेनरला होस्टचाच आयपी देतो. त्यामुळे होस्टच्या आयपीवर केलेली जोडणी कंटेनरच्या आतच वळते आणि रिफ्यूज्ड मिळतं. ५.३ पासून होस्टसाठी १६९.२५४.१.२ हा वेगळा पत्ता दिला जातो. जमत असेल तर आवृत्ती वाढवा.

डेटाबेसच्या सेटिंगला हात लावायची परवानगीच नाही. काही मार्ग?

दोन आहेत. पहिला, होस्टवर सोकॅटचा (एका पोर्टवरची जोडणी दुसरीकडे नेणारा प्रोग्रॅम) पूल:

सोकॅट टीसीपी-लिसन:१५४३२,बाइंड=१७२.१७.०.१,फोर्क टीसीपी:१२७.०.०.१:५४३२

कंटेनरने १५४३२ ला जोडायचं. पण एक धोका ओळखा: पोस्टग्रेसला या सगळ्या जोडण्या १२७.०.०.१ वरून आल्यासारख्या दिसतात. पीजी_एचबीएमध्ये लोकलहोस्टला "ट्रस्ट" दिलेलं असेल तर प्रत्येक कंटेनरला पासवर्डशिवाय प्रवेश मिळाला म्हणून समजा. असं असेल तर पूल बांधण्याआधी डेटाबेस सांभाळणाऱ्याशी बोला.

दुसरा मार्ग टीसीपी सोडून देण्याचा. /व्हार/रन/पोस्टग्रेस्क्यूएल हे फोल्डर कंटेनरमध्ये माउंट करा आणि "पीजीहोस्ट"मध्ये तोच पाथ द्या. पोर्ट उघडायला नको, फायरवॉल आड येत नाही. पडताळणी "पीअर" असेल तर पोस्टग्रेस कंटेनरमधल्या प्रोसेसचा युजर-क्रमांक होस्टवरच्या नावाशी जुळवून बघतो, त्यामुळे कंटेनर "--युजर" देऊन योग्य क्रमांकाने चालवावा लागतो. हे लिनक्स होस्टवरच जमतं. मॅकवरच्या डॉकर डेस्कटॉपमध्ये मॅकचं सॉकेट असं माउंट करून चालत नाही, तिथे होस्ट.डॉकर.इंटर्नलच वापरा.